हृदयाचे टोक

जे मला दिसले नव्हते, ते दिसले असे मी लिहून दिले. इतक्या वर्षांच्या नोकरीत हे एकदाच घडले, अशी मी स्वतःची समजूत पुष्कळदा घातली आहे. परंतु ज्यांच्या बाबतीत ते घडले, त्यांच्यासाठी ते एकदाच पुरेसे होते. त्या मला घरच्यासारख्या होत्या. किंबहुना घरच्यासारख्या होत्या म्हणूनच ते घडले. ही गोष्ट मी अनेक वर्षे कोणालाही सांगितली नाही, पत्नीलाही नाही. सांगण्यासारखे प्रसंग येत राहिले आणि प्रत्येक वेळी मी विषय बदलत राहिलो.

मी दक्षिण कोलकात्यातील एका हृदयरोगतज्ज्ञांच्या क्लिनिकमध्ये इको काढतो. इको म्हणजे हृदयाची सोनोग्राफी. चित्रे मी घेतो, मोजमापे मी करतो. डॉक्टर ती पाहतात आणि अहवालावर सही करतात. काम ऐकायला सोपे वाटते. अडचण अशी की हृदय बरगड्यांच्या आड असते आणि त्याच्या दोन्ही बाजूंना हवेने भरलेली फुप्फुसे असतात. आमच्या यंत्राच्या लहरी हाडातून नीट जात नाहीत आणि हवेतूनही जात नाहीत. त्यामुळे हातातला प्रोब बरगड्यांमधल्या फटींवर टेकवून आत डोकवावे लागते. या फटींना आम्ही खिडक्या म्हणतो. त्यांतली सर्वांत महत्त्वाची खिडकी डाव्या स्तनाच्या खाली असते. तिथे हृदयाचे निमुळते टोक छातीला जवळजवळ टेकलेले असते. त्या टोकापासून पाहिले, तरच हृदय पूर्ण लांबीचे दिसते आणि ते एका ठोक्याला किती रक्त बाहेर ढकलते याचे माप खरे येते.

रुग्णाला डाव्या कुशीवर वळवून झोपवतात, म्हणजे हृदय छातीच्या भिंतीकडे सरकते. मी ज्या पद्धतीने हे काम शिकलो, तीत तंत्रज्ञ रुग्णाच्या पाठीमागे बसतो आणि उजवा हात त्याच्या अंगावरून पुढे नेऊन प्रोब धरतो. खोलीत अंधार असतो, कारण पडदा नीट दिसायला हवा. रुग्णाचे तोंड भिंतीकडे असते. दाराशी एक मासी उभी असते. इथे रुग्णालयांत आणि दवाखान्यांत मदतीला असलेल्या बायकांना सगळे मासीच म्हणतात. ज्याने हे कधी पाहिले नाही, त्याला ही बसण्याची तऱ्हा विचित्र वाटेल. आम्हाला वाटत नाही. दिवसभरात कितीतरी स्त्रिया येतात, आणि गाऊन पुढून मोकळा ठेवा, डावा हात डोक्याखाली घ्या, स्तन थोडा वर उचलून धरा, ही वाक्ये मी इतक्या सहजपणे म्हणतो की म्हटल्याचे मला आठवतही नाही.

मात्र ही वाक्ये मी बंगालीत म्हणतो. कधी हिंदीत, क्वचित इंग्रजीत. माझे वडील फोर्ट विल्यम या लष्करी किल्ल्यात मुलकी कारकून म्हणून बदलून आले आणि आम्ही इथलेच झालो. माझे शिक्षण इथे झाले, काम मी इथल्या भाषेत शिकलो. मराठी राहिली ती घरात आणि आपल्या मोजक्या कुटुंबांत. या, बसा, अजून एक पोळी घ्या, मुलांचे कसे चालले आहे, हे बोलण्यापुरती. माझ्या मुलीला तर मी मराठीत विचारले की ती बंगालीत उत्तर देते. शरीराच्या ज्या भागांची नावे मी दिवसभर घेत असे, ती मराठीत कधी कोणासमोर उच्चारली नव्हती. त्याची कधी गरजच पडली नव्हती.

वहिनी आणि त्यांचे यजमान बेहाला भागात आमच्यापासून दोन गल्ल्या पलीकडे राहत. यजमान एका बँकेत अधिकारी. बदलीवर आले, निवृत्त झाले, आणि मुलाला न्यू टाउनमध्ये नोकरी लागली म्हणून इथेच राहिले. मी त्यांना दादा म्हणत असे. वहिनी मला भाऊजी म्हणत. आपल्या लोकांचा गणपती बसला की मोदकांची सगळी जबाबदारी वहिनींकडे असे, आणि इतर बायकांनी केलेल्या मोदकांच्या कळ्या मोजून त्या तोंडावर नापास करत. दादांचा स्वभाव टोमणे मारण्याचा होता. पण वहिनीही कमी नव्हत्या. एकदा सगळ्यांसमोर त्या मला म्हणाल्या होत्या, "भाऊजी, यांचा एकदा तो इको काढा. आत हृदय आहे की बँकेची तिजोरी, ते तरी कळू दे." दादा लगेच म्हणाले, "तिजोरीच आहे, पण किल्ली हिच्या कमरेला." सगळे हसले. मीही हसलो.

नंतर वहिनींच्या डाव्या स्तनात गाठ निघाली. शस्त्रक्रिया झाली, स्तन काढून टाकावा लागला, आणि पुढे औषधांचे डोस सुरू झाले. त्यांतले एक औषध गुणकारी होते, परंतु त्याने काही जणांच्या हृदयाचा स्नायू दुबळा होतो. म्हणून ठरावीक अंतराने इको काढायचा आणि हृदयाची ताकद ठीक असेल तरच पुढचा डोस द्यायचा, अशी पद्धत असते. कॅन्सरचे डॉक्टर आमच्या अहवालातला तो एक आकडा पाहतात. तो चांगला असला की औषध चालू राहते.

पहिला इको शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णालयातच निघाला होता. पुढचा काढायची वेळ आली तेव्हा दादांचा फोन आला. वहिनींना तिथल्या गर्दीत अनोळखी माणसांपुढे पुन्हा जायचे नव्हते. आपल्या माणसाकडून होत असेल तर बरे, असे त्या म्हणत होत्या. आमच्याकडे एक दिवसाआड एक स्त्री तंत्रज्ञ येत असे. तिच्या दिवशी या, असे मी म्हणायला हवे होते. मी म्हणालो, अवश्य या, मी आहे.

मासीने त्यांना गाऊन घालायला दिला आणि कुशीवर झोपवले. मी आत गेलो तेव्हा त्यांनी गाऊनची कड मुठीत घट्ट धरली होती. एरवी आमच्या घरात पाऊल टाकताच बोलू लागणाऱ्या वहिनी भिंतीकडे पाहत गप्प पडून होत्या. मी मागे बसलो. छातीच्या मधल्या हाडालगतची चित्रे कशीबशी निघाली. आता टोकाकडे जायचे होते. शस्त्रक्रियेच्या व्रणाखाली, बरगडीवर प्रोब दाबून धरावा लागणार होता, आणि त्यासाठी ती मूठ सोडा, गाऊन बाजूला घ्या, असे सांगावे लागणार होते. बंगालीत हे वाक्य माझ्या जिभेवर तयार असते. मराठीत ते जुळेना. वहिनींशी मी बंगालीत बोलणे तर हास्यास्पद झाले असते. मासीला खुणेने सांगता आले असते. तेही मला सुचले नाही, किंवा सुचले आणि मी टाळले. आज यांतले नेमके काय झाले होते ते सांगणे मला कठीण जाते.

मी गाऊनच्या कडेलगतच, हवे होते त्याच्या एका बरगडीभर वर, प्रोब हलकाच टेकवला. पडद्यावर हृदय आले. परंतु नारळासारखे लांबट, टोकाकडे निमुळते होत जाणारे दिसायला हवे होते, ते लिंबासारखे आखूड आणि गोल दिसत होते. याचा अर्थ आमच्या कामातला नवशिक्याही सांगेल. टोक कापले गेले होते. हृदय तिरके छेदले गेले की ते असे दिसते, आणि तसे दिसले की प्रत्यक्षात असते त्याहून अधिक जोमाने आकसल्यासारखे भासते. त्यावरचे माप नेहमी खोटे चांगले येते. हे मला माहीत होते. टोकाचे चित्र समाधानकारक मिळाले नाही, असे एक वाक्य अहवालात लिहिण्याची सोय असते. तेही मला माहीत होते. मी आधीच्या अहवालातला आकडा पाहिला. साठ टक्के. माझ्या यंत्राने त्याच्या आसपासचेच काहीतरी दाखवले. मी साठ लिहिले.

त्या वेळी मला हा आपला सभ्यपणा वाटला. एका आजारी, संकोचलेल्या बाईला मी आणखी संकोचात टाकले नाही, असे मनात म्हणून मी हात धुतले. आमच्या कामात निष्कर्ष सांगण्याची आम्हाला मनाई असते. डॉक्टर सांगतील, एवढेच म्हणायचे. वहिनी उठून बसल्या, गाऊन सारखा केला आणि माझ्याकडे न पाहता विचारले, "ठीक आहे ना, भाऊजी?"

मी म्हणालो, "छान आहे, वहिनी. काही काळजी करू नका."

डॉक्टरांनी सही केली. त्यांचा माझ्यावर विश्वास होता आणि तो विश्वास मी कष्टाने मिळवलेला होता. औषध चालू राहिले.

पुढच्या वेळी वहिनी ठरलेल्या दिवसाआधीच आल्या. चेहरा सुजला होता, पावले सुजली होती, आणि सपाट झोपता येत नव्हते. आम्ही उशा रचून त्यांना अर्धवट बसवले. भीती अशी असते की तिच्यापुढे लाज टिकत नाही. त्या दिवशी मासीने गाऊन सरकवला, मी प्रोब योग्य जागी टेकवला आणि दाबला. हृदय पूर्ण लांबीचे दिसले. मोठे झालेले, सैल, मंद हलणारे. माप पस्तीसच्या आत होते. डॉक्टर स्वतः येऊन पडद्यासमोर उभे राहिले आणि मागच्या वेळी कसे होते, असे त्यांनी बंगालीत मला विचारले. चांगले होते सर, असे मी सांगितले. कधीकधी हे औषध असे अचानक करते, असे ते म्हणाले. मी मान हलवली. पहिल्या चुकीला संकोच हे निदान कारण तरी होते. या उत्तराला तेही नव्हते.

ते औषध बंद झाले, हृदयाची औषधे सुरू झाली. वहिनी वाचल्या. कॅन्सरही पुन्हा उद्भवला नाही. हृदयाची ताकद काही प्रमाणात परत आली, पूर्ण आली नाही. त्यांनी तिसऱ्या मजल्यावरचे घर सोडून तळमजल्यावरचे घेतले. मोदक करायला त्या येत, पण खुर्चीवर बसून. दादा म्हणत, "आमची महाराणी. बसल्या जागेवरून राज्य करते." वहिनी हसत, पण पूर्वीसारखे उलट उत्तर देत नसत. हे माझ्या लक्षात आले होते. त्याचे कारण मला बऱ्याच वर्षांनी कळले.

काही महिन्यांनी एका दुपारी खोली रिकामी असताना मी ते पहिले चित्र यंत्रातून काढून पुन्हा पाहिले. कदाचित आपण समजतो तितके ते वाईट नसेल, अशी आशा होती. ते तितकेच वाईट होते. लिंबासारखे गोल हृदय पडद्यावर उत्साहाने उघडझाप करत होते. त्या दिवशी नीट पाहिले असते तर ताकदीतली घट दिसलीच असती, असे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. सुरुवात झाली असेल, नसेलही. दिसली असती तर मधले डोस थांबले असते. जे मी पाहिले नाही, ते तिथे होते की नव्हते हे आता कोणालाच कळणार नाही. माझ्या कामातला हा दोष भरून येणारा नव्हता.

मी एक गोष्ट केली. ती सगळी वाक्ये मराठीत तयार केली. सकाळी आंघोळ करताना ती मी मोठ्याने म्हणत असे. शेवटी पत्नीने दार वाजवून, कोणाशी बोलता आहात, असे विचारले. तालीम करतो आहे, असे मी सांगितले. आता नाटकात काम करणार का, असे ती म्हणाली. त्यानंतर क्लिनिकमध्ये येणाऱ्या प्रत्येक स्त्रीला, तिची भाषा कोणतीही असो, मी आधी समोर बसून सांगू लागलो की प्रोब कुठे लावणार, का लावणार, किती दाबणार. नको वाटत असेल तर स्त्री तंत्रज्ञाच्या दिवशी येता येईल. टोक दिसले नाही तर दिसले नाही असे मी लिहितो. डॉक्टर एकदा म्हणाले की तुम्ही फार काटेकोर झाला आहात. त्यांनी ते कौतुकाने म्हटले होते, आणि मी ते ऐकून घेतले.

वहिनींनी तर सगळ्यांना सांगून ठेवले होते की भाऊजींनी वेळेवर पकडले म्हणून मी वाचले. दुसऱ्या वेळच्या तपासणीबद्दल त्या हे म्हणत. गणपतीच्या आरतीनंतर नव्याने बदलून आलेल्या कुटुंबांशी माझी ओळखही त्या तशीच करून देत. मी प्रसादाची वाटी हातात घेऊन खाली पाहत उभा राहत असे, आणि लोकांना तो माझा विनय वाटे.

गेल्या वर्षी त्यांच्या मुलाला पुण्यात नोकरी मिळाली आणि सगळ्यांनी तिकडेच जायचे ठरले. निघण्याआधी एकदा इको काढून घ्यावा, नव्या डॉक्टरांना दाखवायला ताजा अहवाल असावा, म्हणून वहिनी आल्या. दादा बाहेर वर्तमानपत्र वाचत बसले. आमचे जुने डॉक्टर तोवर निवृत्त झाले होते. त्यांना मी ही हकीकत पुढे सांगितली. आधी त्यांना सांगायला हवे होते, पण क्रम तसा राहिला नाही.

मी वहिनींसमोर स्टूल घेऊन बसलो आणि तयार केलेली वाक्ये मराठीत म्हटली. व्रणाच्या खाली प्रोब लावीन, जरा दाबावे लागेल, गाऊन बाजूला धरा, दुखले तर सांगा. वहिनी म्हणाल्या, "अहो, किती समजावता. मी काय नवीन आहे का?" त्या कुशीवर वळल्या. टोक लगेच मिळाले. हृदय पूर्ण दिसत होते. मी मापे घेत असताना त्या भिंतीकडे तोंड करूनच बोलू लागल्या.

"भाऊजी, जायच्या आधी एक सांगायचं होतं. यांच्यासमोर नको म्हणून इथे सांगते. तुम्ही पहिल्यांदा तपासलंत ना, त्यानंतर थोड्याच दिवसांनी मला दम लागायला लागला होता. जिन्यात मध्येच बसायचे. कोणाला बोलले नाही. तुम्ही छान आहे म्हणाला होतात, मग मला वाटलं, अंगात आळस भरलाय. हेही म्हणायचे, रिपोर्ट चांगला आहे, आता लाड पुरे. मग मी मुद्दाम वरखाली करायचे. वेळेवर बोलले असते तर एवढं झालं नसतं. अजून हे मला ऐकवतात, तूच लपवलंस. खरंच आहे ते. तुम्ही एवढ्या आपुलकीने केलंत आणि मी तुमच्यापासून लपवलं. राग मानू नका."

मी पडद्यावरचे चित्र थांबवले. प्रोब यंत्रावर परत ठेवला, त्यांच्या छातीवरचा जेल पुसला, गाऊन नीट करायला मासीला सांगितले आणि वहिनी उठून बसेपर्यंत थांबलो. खोलीतला दिवा लावला. या क्षणी विषय बदलणे मला पूर्वीइतकेच सोपे होते. फरक एवढाच होता, की आता गप्प राहिलो असतो, तर माझी चूक त्या स्वतःची म्हणून पुण्याला घेऊन गेल्या असत्या.

मी म्हणालो, "वहिनी, त्या दिवशी तुमचं हृदय मला पूर्ण दिसलंच नव्हतं. गाऊन बाजूला घ्या, हे तुम्हाला सांगायची मला लाज वाटली. मी वरवर पाहिलं आणि छान आहे म्हणून लिहून दिलं. लपवलं ते मी. डॉक्टरांनी विचारलं तेव्हाही लपवलं."

वहिनींनी विचारले, "म्हणजे तो दम खरा होता?"

"खरा होता."

"तो आळस नव्हता?"

"नाही, वहिनी. नव्हता."

त्यांनी दोन्ही हातांनी पलंगाची कड धरली होती. मला वाटले, त्या रडतील किंवा मला बोलतील. त्यांनी यांतले काही केले नाही. गाऊन नीट आवळून घेतला, मासीकडे वळून आपल्या मोडक्या बंगालीत बाहेर बसलेल्या बाबूंना आत पाठवायला सांगितले, आणि मला म्हणाल्या, "हे आता त्यांच्यासमोर म्हणा. मी म्हटलं तर ते ऐकायचे नाहीत."

दादा वर्तमानपत्राची घडी काखेत धरून आत आले. "काय, महाराणींचं राज्य ठीक आहे ना?" असे त्यांनी नेहमीच्या सुरात विचारले, आणि आमचे चेहरे पाहून ते दाराशीच थांबले. मी स्टुलावरून उठलो.

"दादा, त्या वर्षी वहिनींना दम लागत होता तो हृदयामुळे. त्यांना ते कळलं नाही, कारण मी त्यांना सगळं छान आहे असं सांगितलं होतं, आणि मी नीट पाहिलंच नव्हतं. तुम्ही त्यांना जे ऐकवता, ते मला ऐकवायला हवं होतं." मग मी त्यांच्याकडून वहिनींकडे वळलो आणि हात जोडले. "वहिनी, चूक माझी होती. इतकी वर्षं मी ती तुमच्यावर राहू दिली. मला माफ करा."